‘गल्लीत बोलतात’ म्हणून कन्नड लिहू नका

जनगणना, जातीचा सर्व्हे आणि आधार यांची आपल्या बेळगावकडच्या लोकांनी एकच भाजी करून टाकली आहे. यंदाची निम्मी पत्रं त्याचीच आहेत.

बँक खात्याला आधार जोडलं नाही तर खातं बंद होतं का? (शहापूर)

नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ लाच ती सक्ती काढली. पॅनला आणि सरकारी अनुदानाला मात्र आधार लागतं.

कर्नाटक सरकारच्या २०२५ च्या जातीच्या सर्व्हेत माहिती दिली नाही. रेशन जाईल? (खानापूर)

उच्च न्यायालयाने माहिती देणं ऐच्छिक ठेवलं होतं. कार्डाचं काही झालंच तर कारण लेखी मागा आणि तो कागद वकिलाला दाखवा.

जनगणनेत मातृभाषा मराठी सांगितली की सवलती जातात, कन्नड लिहिलेलं बरं, असं गल्लीत बोलतात. (अनगोळ)

कोण बोलतं? पत्रात नाव कधीच नसतं, नेहमी ‘गल्लीत’. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार तुमची नोंद कुणालाही पाहायला मिळत नाही. मग तहसीलदार ती उघडून तुमचं रेशन ठरवणार कसा? उत्तर देणं मात्र बंधनकारक आहे, आणि खरं द्यायचं. लहानपणी आई तुमच्याशी बोलली ती मातृभाषा. कन्नड येत असेल तर ती इतर भाषांत खुशाल सांगा. प्रगणकाने तुम्ही सांगाल तीच भाषा लिहायची असते. जाणूनबुजून खोटं भरलं तर त्याला शिक्षा आहे. मोबाईलवर भरत असेल तर आधी स्क्रीन दाखवायला सांगा. हा नुसता अस्मितेचा विषय नाही. एखाद्या भागात अल्पभाषक १५ ते २० टक्के असले तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे केंद्राचं धोरण १९५६ पासूनचं. तो टक्का जनगणनेतूनच निघतो. भिऊन आपणच तो पुसायचा आणि मग मराठी परिपत्रकांसाठी जिल्हाधिकारी कचेरीसमोर बसायचं!

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांकांसकट फिरते आहे. दोन महिने झाले. (निपाणी)

दोन महिने काय वाट पाहत होता? आधार क्रमांक असा जाहीर करायला आधार कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे. स्क्रीनशॉट ठेवा, यादी पुढे ढकलू नका. आधारच्या हेल्पलाईनला, १९४७ वर कळवा, बोटांचे ठसे लॉक करून घ्या, कचेरीत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ती पोच घेऊन वकिलाकडे जा. फोनवर सल्ला मागू नका.

सर्व्हेचं नाव सांगून फोनवर ओटीपी मागतात. द्यावा का? (उचगाव)

नाही. दिला असेल तर हे वाचत बसू नका, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन लावा.