एमआरआयचा आवाज का येतो, हे विचारणारी मुलगी

उदगीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी घेऊन बारावी झाली, ८६ टक्के. नीट दोनदा दिली. दुसऱ्या खेपेला ७२० पैकी ४७३ गुण मिळाले, त्यात फिजिक्स १८० पैकी १४१, केमिस्ट्री ११८, बायोलॉजी ३६० पैकी २१४. तिला मेंदूच्या आजारांवर संशोधन करायचं आहे. गुरुजींचा प्रश्न असा की लातूरला तिसऱ्यांदा क्लास लावावा, की दोन एकर विकून तिला एमबीबीएससाठी जॉर्जियाला पाठवावं? "आधी डॉक्टर होऊ दे, संशोधन नंतर करता येईल," असं त्यांचं म्हणणं.

पत्राच्या शेवटी तक्रार आहे. मागच्या वर्षी आजोबांचा एमआरआय काढला, विसरण्याचा आजार निघाला. तेव्हापासून ही मुलगी टेस्ट सिरीज सोडून रात्री त्या एमआरआयची सीडी लॅपटॉपवर लावून बसते. सेंटरमध्ये टेक्निशियनला विचारत होती की मशीन एवढा आवाज का करतं. शेवटी गुरुजींनी लॅपटॉप आणि सीडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "दोन महिने झाले, ती आमच्या पंगतीला जेवायला बसत नाही. यंदा नंबर लागला नाही तर स्थळं बघायला लागू, असं स्पष्ट सांगितलंय."

गुरुजी, नमस्कार.

क्लास की जॉर्जिया, याचं उत्तर आधी देऊन टाकते. दोन्ही नको. आता मला काळजी कशाची वाटते ते सांगते.

दोन महिने पोर घरच्यांबरोबर जेवत नाही, हे तुम्ही लॅपटॉपच्या तक्रारीला जोडून लिहिलंत, जणू तोही शिस्तीचाच प्रश्न आहे. माझ्या मते तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. मागे एक मुलगा चौथ्या प्रयत्नानंतर माझ्याकडे आला होता. तासभर बसला, पण प्रत्येक प्रश्नाला वडिलांकडे बघायचा आणि उत्तर वडील द्यायचे. वडिलांना बाहेर बसवलं तेव्हा त्याने पहिलं वाक्य उच्चारलं, "मॅडम, मला झोपच येत नाही." घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्या घरात काय चाललंय ते मला इथून दिसत नाही, म्हणून आज रात्री तिच्याजवळ बसा आणि गुणांचा विषय न काढता झोप लागते का, भूक लागते का एवढंच विचारा. तुमच्याशी बोलायला तिला अवघड जात असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तिला द्या. मन मोकळं करण्यासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि ते स्थळांचं. गुरुजी, तुम्ही शिक्षक आहात. तुमच्या वर्गातल्या एखाद्या हुशार मुलीच्या बापाने "नापास झालीस तर लग्न लावून देईन" असं म्हटल्याचं कानावर आलं, तर तुम्ही सायकल काढून त्याच्या घरी समजवायला गेला असता. मग स्वतःच्या लेकीला लग्नाची धमकी कशी दिलीत? पुढे तिचं लग्न व्हायचं तेव्हा होईल. पण "नापास झाल्याची शिक्षा" अशी त्याची ओळख तिला तुम्ही करून दिलीत. ते वाक्य मागे घ्या. मनात नको, तिच्यासमोर, तोंडाने.

आता त्या आवाजाबद्दल.

एमआरआयच्या मोठ्या चुंबकाच्या आत तारांची आणखी काही वेटोळी असतात, त्यांना ग्रेडियंट कॉइल म्हणतात. त्यांतला विजेचा प्रवाह क्षणाक्षणाला चालू-बंद होतो, दिशा बदलतो. चुंबकीय क्षेत्रात वीज वाहणाऱ्या तारेवर बल लागतं, हे तुमची लेक बारावीत शिकली आहे. त्या बलाने कॉइल थरथरतात आणि तो ठक्‌-ठक्‌, घर्रर्र आवाज येतो. पण ही वेटोळी हवीत कशाला? शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे प्रोटॉन चुंबकात भोवऱ्यासारखे डोलतात. दीड टेस्लाच्या यंत्रात (टेस्ला हे चुंबकाचा जोर मोजायचं एकक) सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. चुंबकाचा जोर डोक्याच्या एका बाजूला किंचित जास्त आणि दुसऱ्या बाजूला किंचित कमी ठेवला, की जागेप्रमाणे डोलण्याची गतीही बदलते, आणि कुठला सिग्नल डोक्यातल्या कुठल्या जागेवरून आला ते ओळखता येतं. या युक्तीवर प्रतिमा काढता येते हे १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी दाखवलं. पीटर मॅन्सफिल्ड यांनी त्याचं गणित बसवलं आणि प्रतिमा झटपट काढण्याची पद्धत दिली. २००३ मध्ये दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे तुमच्या लेकीने त्या टेक्निशियनला जे विचारलं, ते थेट या विषयाच्या गाभ्यातलं होतं. आणि तुम्ही ते मला तक्रार म्हणून कळवलंत.

"मेंदूवर काम करायचं तर आधी डॉक्टर व्हावं लागतं" हा तुमच्या पत्राचा पाया आहे, आणि तो चुकीचा आहे. लॉटरबर रसायनशास्त्रज्ञ होते, मॅन्सफिल्ड भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्याआधी सीटी स्कॅन आला, तोही गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड या इंजिनिअरने बनवला. ग्रामोफोनच्या रेकॉर्डसाठी लोकांना ठाऊक असलेल्या ईएमआय कंपनीत ते नोकरीला होते. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका बाईंवर त्यांचं यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं. १९७९ मध्ये त्यांच्याबरोबर नोबेल मिळालेले अ‍ॅलन कॉरमॅक हेही भौतिकशास्त्रज्ञच. आपल्याकडचं सांगायचं तर २०१९ मध्ये १०० तरुण भारतीयांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार झाला, तो हैदराबादच्या ट्रिपल आयटीत, म्हणजे कॉम्प्युटर शिकवणाऱ्या संस्थेत. तोवर आपल्या लोकांचे स्कॅनही बहुतेक परदेशी मेंदूंच्या साच्याशी ताडून बघितले जात, आणि आपल्या मेंदूची सरासरी मापं त्या साच्यापेक्षा लहान निघाली. रोग्यावर उपचार करायचे असतील तर एमबीबीएसला पर्याय नाही, तिथे मी एक अक्षर बोलणार नाही. पण आजोबांना औषध लिहून द्यायचंय, की हा आजार आणखी दहा वर्षं आधी कसा दिसेल ते शोधायचंय, हे तुम्ही लेकीला एकदा तरी विचारलंत का?

मला वाटतं, तिने ते गुणांतून सांगितलंय. फिजिक्सला १४१ मिळवणारी आणि बायोलॉजीला अडखळणारी मुलगी तिसऱ्या वर्षीही बहुधा तशीच राहील. जॉर्जियाहून परतल्यावर इथली परीक्षा पास व्हावी लागेल, मग एमडीसाठी आणखी एक स्पर्धा, आणि संशोधन त्याच्याही पुढे. त्यासाठी जमीन विकायची?

हा रस्ता सोपा आहे असं मात्र समजू नका. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात. सरकारी फेलोशिप पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं. पण ते पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरून चालू नका. कायमच्या जागा थोड्या आहेत. बेंगळुरू, पुण्यात स्कॅनर बनवणाऱ्या कंपन्यांचे संशोधन विभाग आहेत, तिथे फिजिक्स आणि कोडिंग येणाऱ्याला काम मिळतं, पण तीही नोकरी आहे, तिथे विषय कंपनी ठरवते. तुमच्या एखाद्या चुलतभावाचा मुलगा डॉक्टर होऊन दवाखाना टाकेल, त्या वेळी तुमची लेक कुठल्यातरी हॉस्टेलमध्ये राहत असेल. गावात लोक विचारतील. त्या दिवसांची तयारी तुम्हाला करावी लागेल, तिला नाही.

रस्ता असा. बारावीच्या गुणांवर चांगल्या कॉलेजात बी.एस्सी. फिजिक्स, गणित सोडायचं नाही. किंवा एमएचटी-सीईटी देऊन इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर वा बायोमेडिकल इंजिनिअरिंग. पुढच्या शिक्षणासाठी आणि फेलोशिपसाठी जॅम, गेट, नेट या परीक्षा. मग आयआयटी मुंबईचा बायोइंजिनिअरिंग विभाग, बेंगळुरूची निम्हान्स आणि आयआयएस्सी, मानेसरचं नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर, तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा अशा संशोधन होणाऱ्या जागा. आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची परीक्षाही आहे, पण बारावी होऊन किती वर्षं झालेली चालतात ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा.

काम किती पडलंय म्हणाल, तर भारतात ६० वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमचे वडील त्यांतले एक. आणि श्रीमंत देशांत फारसा न दिसणारा एक पेच आपल्याकडे रोजचा आहे. खेड्यातलं एखादं पोर फीट येऊन पडतं, स्कॅनमध्ये मेंदूत छोटं गोल कडं दिसतं. ती क्षयाची गाठ असते, नाहीतर टेपवर्मच्या अळीची पिशवी. दोन्हींची औषधं वेगळी. कड्याच्या आत अळीच्या डोक्याचा ठिपका दिसला तर प्रश्न मिटला. नाही दिसला तर त्या गाठीतली रसायनं स्कॅनरवरच तपासतात. क्षयाच्या गाठीत चरबीच्या रेणूंचा उंच सुळका दिसतो. पण तोही दर वेळी इतका साफ नसतो. हे आपल्या लोकांचे आजार आहेत, त्यांवर आपल्याच मुलांनी डोकं लावायला हवं.

आता थोडं तिच्याशी.

बाळा, आजोबांची सीडी उघडायला थ्रीडी स्लायसर हे फुकटचं सॉफ्टवेअर घे. समोरून पाडलेल्या कापांमध्ये कानाच्या आतल्या बाजूला, खाली, दोन्हीकडे एक वळलेली छोटी रचना दिसेल. तिचं नाव हिप्पोकॅम्पस, म्हणजे समुद्रघोडा. नवी आठवण साठवायचं काम बरंचसं तिथून होतं, आणि अल्झायमरमध्ये ती लवकर आक्रसते. तिच्या शेजारची पाण्याची पोकळी रुंद दिसते का बघ. पण एका सीडीवरून निदान करू नकोस, ते डॉक्टरांवर सोड. सीडीत आजोबांचं नाव आणि वय असतं, ती कुठेही अपलोड करायची नाही. सरावासाठी ओपनन्यूरो या वेबसाइटवर नावं काढलेले शेकडो लोकांचे स्कॅन आहेत. पायथन ही कोडिंगची भाषा शीक. हिप्पोकॅम्पस आधी हाताने आखून मोजायचा, मग तेच कोडने करून बघायचं. दोन आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत ते लिहून ठेव. सहा महिन्यांनी ती वही घेऊन मला भेट. हे सगळं कंटाळवाणं वाटलं तरी ये. तसं असेल तर आपण दुसरं काही शोधू, त्यात कमीपणा नाही.

गुरुजी, कपाट उघडा. लॅपटॉप आणि सीडी तिच्या हातात द्या आणि खुर्ची ओढून शेजारी बसा. तुमच्या वडिलांच्या मेंदूतला समुद्रघोडा कुठे आहे ते तिला दाखवायला सांगा. मग दोघं मिळून जेवायला या. ती पंगतीला बसली की मला कळवा.