डिशवॉशर येण्याआधी ओट्याखालचा पाइप बघा

जुन्या इमारतीत डिशवॉशर घ्यायचा आहे आणि त्याचं सांडपाणी कुठून न्यायचं याबद्दल तुमच्यापुढे दोन मतं आहेत. मशीन बसवणारा टेक्निशियन म्हणतो, ड्रेनची नळी ओट्याखालच्या मोरीच्या जाळीत सोडा, झालं काम. तुमचा प्लंबर म्हणतो, इमारत 1979 ची, जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी), तेव्हा ओटा फोडून सगळंच नवं करा. माझं मत विचाराल तर दोघांचंही ऐकू नका. सिंकपासून डक्टमधल्या (इमारतीचे पाइप जातात त्या पोकळीतल्या) बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, उभ्या पाइपापर्यंतचा आडवा तुकडा तेवढा बदला. उभा पाइप सोसायटीचा आहे, त्याला परस्पर हात लावायचा नाही.

आता तो आडवा तुकडाच का, ते सांगतो. दीड इंची जीआय पाइप बाहेरून रंग दिलेला, ठणठणीत दिसतो. आतला जस्ताचा थर मात्र केव्हाच गेलेला असतो. लोखंडाला गंजाचे फोड येतात आणि त्या खरखरीत भिंतीवर फोडणीचं तेल, तूप, डाळीचा साका बसत जातो. कापून पाहिलं तर कधीकधी करंगळी जेमतेम जाईल एवढीच वाट उरलेली असते. नळाच्या बारीक धारेला ती पुरते, म्हणून इतकी वर्षं तक्रार नाही. डिशवॉशरचं तसं नसतं. एका धुण्याला साधारण 10-12 लिटर पाणी लागतं, पण पंप ते तीन-चार लिटरच्या हप्त्यांनी एकदम फेकतो, तेही गरम. जोरदार प्रोग्रामला 65-70 अंशांपर्यंत. जुना चिकटा त्याने सुटतो आणि पुढे जिथे पाइप गार असतो तिथे पुन्हा बसतो. मग पाणी मोरीतून वर, सिंकमधून वर, किंवा खालच्यांच्या छतातून.

मशीन आणण्याआधी एक करा. सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. पाणी फिरत, झपाट्याने गेलं तर पाइप बदलायला अजून वेळ आहे. गुडगुडलं, रेंगाळलं किंवा मोरीच्या जाळीत पातळी वर आली तर मशीन आधी आणूच नका. अशा वेळी प्लंबर स्प्रिंग मारू, म्हणजे पाइपात तारेची लवचिक स्प्रिंग फिरवून तुंबा काढू म्हणेल. चांगल्या पाइपात ते ठीक आहे. गंजून पातळ झालेल्या जीआयमध्ये स्प्रिंगने भोकही पडतं, आणि ते बहुतेक भिंतीच्या आतच पडतं. तुंबलेला पाइप मोकळा करायला टाकतात त्या कॉस्टिकच्या दाण्यांचंही तेच, ते नकोत. पाण्यात पडल्यावर ते इतके तापतात की पुढे कुठे प्लास्टिकचा तुकडा जोडलेला असेल तर तो मऊ पडतो. आणि संडासाचं अॅसिड लोखंडालाच खातं. मशीन येणार म्हणून पाइप 'साफ करून घेऊ' हा विचार सोडा.

पाइप कशाचा आहे याचीही खात्री करा. चुंबक चिकटलं तर जीआय किंवा बीड. न चिकटणारा, राखाडी, सिमेंटसारखा दिसणारा जाड पाइप असेल तर तो अॅस्बेस्टॉस सिमेंटचा असू शकतो. त्याला ग्राइंडर लावू देऊ नका. ती धूळ फुप्फुसात जाणं फार वाईट.

नवा तुकडा पीव्हीसीचा, 50 मिमीचा, आयएस 13592 या भारतीय मानकाचा बी टाइप घ्या. दुकानदार स्वस्त म्हणून ए टाइप पुढे करील. तो पावसाच्या पाण्याचा. उतार मीटरला दोन ते अडीच सेंटिमीटर. जिथे वळण आहे तिथे साध्या बेंडऐवजी डोअर बेंड लावायला सांगा, म्हणजे पुढे झाकण उघडून साफ करता येईल. सिंकखालचा तो पांढरा, लवचिक, कडी-कडीचा पाइप मात्र काढाच. गरम पाण्याने तो मऊ होऊन मधोमध झोळ पडतो आणि झोळात चिकटा साठतो.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे भिंतीतला जोड. जुन्या बीडाच्या तोंडातून जीआय पाइप पाना मारून पिळून काढायला गेलं की तोंडाला तडा जाऊ शकतो. बाहेर थोडा ठेवून हॅकसॉने कापायचा, मग आतला तुकडा चिरा पाडून सावकाश काढायचा. अर्धा दिवस जातो, जाऊ द्या. जोडाला रबरी रिंगचा अडॅप्टर हवा. दोन रंगांच्या गोळ्या मळून थापतात ती पुट्टी तिथे नको. पीव्हीसी गरम-गार होताना थोडा लांबतो-आखडतो, पुट्टी हलत नाही, तडकते.

मशीनच्या नळीचं सांगतो. मोरीत जमिनीवर सोडली तर मशीनमधलं पाणी आपोआप ओढलं जाऊ शकतं, आणि मोरी तुंबली की घाण पाणी उलट मशीनकडे. नळी आधी ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत वर नेऊन तिथे क्लिपने अडकवा, मग सिंकच्या ट्रॅपला (सिंकखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागाला) जोडा. ट्रॅप नवा घेताना बाजूला जास्तीचं तोंड असलेला घ्या. त्या तोंडात बहुधा प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. तो कापला नाही तर पहिल्याच दिवशी मशीन पाणी बाहेर जात नाही म्हणून अडून बसतं आणि दोष बिचाऱ्या पंपाला जातो. ट्रॅपऐवजी मशीनसाठी ओट्याखाली वेगळ्या लावलेल्या उभ्या पाइपात (सोसायटीच्या नव्हे) सोडणार असाल तर नळी दहा-पंधरा सेंटिमीटरच आत घाला आणि भोवतीची फट मोकळी ठेवा, सिलिकॉनने बुजवू नका.

सोसायटीला आधी पत्र द्या. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंक-संडासाची आतली गळती सभासदाच्या खर्चाने आणि ड्रेनेज लाइन सोसायटीच्या. पण जोड नेमका दोघांच्या सीमेवर येतो, त्यामुळे भिंत उघडी असताना बीडाच्या तोंडाचे फोटो काढून सेक्रेटरींना पाठवून ठेवा. तिथे आधीचाच तडा निघाला तर दुरुस्ती त्यांच्याकडे मागता येईल.

भिंत लगेच बुजवू नका. मशीन लागल्यावर भांडी न घालता सगळ्यात गरम प्रोग्राम चालवा, जोडांभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून ठेवा आणि खालच्या काकूंना दोन दिवस त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताकडे लक्ष ठेवायला सांगा. कागद कोरडा राहिला की मग गवंड्याला बोलवा.