नंबर बदलायचा नाही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. कुलसचिवांना विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येण्याआधी कॅम्पसचा त्रिमितीय नकाशा पडद्यावर फिरताना हवा आहे. तुझे कार्यकारी अभियंता म्हणतात, ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधले जुने प्लॅन आहेत तेवढे नीट करून प्रिंट काढ. भूगोल विभागाचे सर म्हणतात, सगळं जीआयएसमध्येच, म्हणजे माहिती जोडलेल्या भौगोलिक नकाशातच, व्हायला हवं. आणि या तिघांच्या मध्ये अकरा महिन्यांच्या करारावरची तू. वाचून पोटात कालवलं. या तिन्ही खुर्च्यांसमोर मी उभा राहिलो आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो.

कॅड की जीआयएस, हा तुझा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मला आधी एवढंच सांग, तुमच्या विद्यापीठात खोल्या किती आहेत आणि प्रत्येक खोलीचा नंबर काय आहे? विभागाने दारावर लावलेला नाही, परीक्षेच्या वेळी खडूने लिहिलेला नाही, वायरमनच्या वहीतला नाही. विद्यापीठाने दिलेला, एकदाच दिलेला नंबर. तुझ्या मेलमध्ये सॉफ्टवेअरची पाच नावं आहेत आणि नंबराबद्दल एक ओळ नाही. माझ्या सगळ्या नोकरीचं सार विचारशील तर एवढंच आहे: खोलीला एक नंबर द्यायचा आणि तो कधीही बदलायचा नाही.

कॅड आणि जीआयएसचं काम वाटून दे, भांडण मिटतं. इमारतीच्या आत कॅड. प्रत्येक खोलीची आतली कड एका बंद पॉलिलाइनने, म्हणजे सलग जोडलेल्या रेषेने, काढ, त्या पॉलिलाइनच्या आत एक ब्लॉक, म्हणजे माहिती जोडता येणारं चिन्ह, ब्लॉकच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये खोलीचा नंबर. बाकी काही नाही. विभागाचं नाव, आसनसंख्या, पंखे, एसी यांतलं काहीही ड्रॉइंगमध्ये लिहायचं नाही. ते सगळं तक्त्यात, नंबरासमोर. इमारतीच्या बाहेर जीआयएस. इमारतींच्या कडा, रस्ते, पाण्याच्या लाइनी, ड्रेनेजचे चेंबर, केबल, झाडं. तिथेही प्रत्येक वस्तूला नंबर. दोन्हीकडचं आणि तक्त्यातलं जोडणारी गोष्ट एकच, तो नंबर. तो हलला की ड्रॉइंग कितीही देखणं असो, त्याच्या मागची माहिती दुसऱ्याच खोलीला जाऊन चिकटते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

तुझं घर शेतकऱ्याचं आहे, तुला सातबारा समजावून सांगायला नको. जमिनीचा मालक बदलतो, फेरफार पडतो, पीकपाहणी दर हंगामाला नवी होते, पण सर्व्हे नंबर तोच राहतो. भावाभावांत वाटणी झाली तर ४५ चे ४५/१ आणि ४५/२ होतात, ४५ चा ४६ होत नाही. आणि जिथे नंबर बदलले तिथे काय झालं तेही तू पाहिलं असशील. १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि आजही वकील पहिला प्रश्न विचारतो तो जुना सर्व्हे नंबर कोणता हा. जुन्या-नव्याचा मेळ घालणारा कागद हरवला की माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात. जमिनीच्या बाबतीत हे आपल्याला लहानपणापासून कळतं. इमारतीच्या बाबतीत मात्र नवे विभागप्रमुख आले की आपल्या केबिनपासून एक नंबर सुरू करतात आणि सगळे माना डोलावतात.

मी मान डोलावली नाही. आमच्याकडे एका विभागाने पूर्ण मजल्याचे नंबर नव्याने टाकायचा प्रस्ताव आणला, टिपणी माझ्याकडे आली आणि मी सही केली नाही. विभागाने परस्पर पाट्या बदलल्या. पुढच्या परीक्षेला बैठक व्यवस्था जुन्या यादीवरून लागली आणि पोरं हॉल तिकीट हातात घेऊन जिन्यात वरखाली धावत होती. २०६ मध्ये स्पार्किंग होतंय म्हणून तक्रार आली, वायरमन जुन्या २०६ मध्ये जाऊन सगळं ठीक आहे असा शेरा मारून परत आला. डेड स्टॉक रजिस्टरात सूक्ष्मदर्शक एका खोलीत आणि प्रत्यक्षात तिसऱ्याच खोलीत, त्यावर ऑडिटचा आक्षेप. अग्निशामक नळकांड्यांच्या चिठ्ठ्यांवर जुने नंबर, पुन्हा भरून आणल्यावर त्या भलत्याच भिंतींवर टांगल्या गेल्या. मला तेव्हा हटवादी म्हणत. सॉफ्टवेअरची खरेदी माझ्यामुळे लांबली असं अजूनही बोलतात. खरेदी लांबली ती खोल्यांची पक्की यादी तयार नव्हती म्हणून. यादीशिवाय घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं तरी काय होतं? माझं तेव्हाही हेच म्हणणं होतं, आजही आहे.

नावं बदलू देत. नावं बदलायलाच हवीत. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचं नाव लागलं, जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं. त्यात समाजाचा मान असतो आणि तो नावातच दिसायला हवा. म्हणून तर नंबरात नाव घुसवायचं नाही. ‘केम-१२’ असा नंबर देशील तर रसायनशास्त्र नव्या इमारतीत गेल्यावर त्या खोलीत इंग्रजीचा तास भरेल आणि नंबर खोटं बोलेल. इमारतीचा अंक, मजल्याचा अंक, खोलीचा अंक. पुरे.

अमेरिकेतल्या एमआयटीत हे फार पूर्वीपासून पाळतात. तिथला १०-२५० हा हॉल म्हणजे दहा नंबरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा २५० नंबरचा हॉल. त्याला हंटिंग्टन हॉल असं नाव आहे, पण विद्यार्थी त्याला नंबरानेच ओळखतात. तिथे २० नंबरची एक लाकडी इमारत होती, १९४३ साली युद्धाच्या काळात तात्पुरती म्हणून बांधलेली. ती १९९८ साली पाडली. त्याच जागेवर २००४ साली स्टाटा सेंटर उघडलं, त्याला नंबर दिला ३२. जागा तीच, तरी २० पुन्हा वापरला नाही. तुला करायचं आहे ते हेच. पाडलेल्या इमारतीचा, तोडलेल्या खोलीचा नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. हॉलमध्ये पार्टिशन घातलं तर २१४ समोर बंद झाल्याची तारीख टाक आणि दोन नवे नंबर दे, किंवा २१४-अ, २१४-ब कर. यांपैकी कुठलीही एक रीत धर, पण सगळ्या कॅम्पसवर तीच. नंबर देताना मध्ये जागा सोडत जा, कारण पार्टिशन पडणारच. पॅसेज, जिना, स्वच्छतागृह, पाइप-केबलींचा डक्ट, गच्चीवरची लिफ्टची खोली यांनाही नंबर हवेत. गळती बहुतेक वेळा डक्टमध्येच असते आणि डक्टला नंबर नसतो.

मजल्याचा अंक आधीच ठरवून घे. अमेरिकेतला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला, आणि विकत घेतलेलं सॉफ्टवेअर पुष्कळदा तिकडचीच मोजणी गृहीत धरतं. आपण तळमजल्याला शून्य म्हणायचं ठरवलं तर ते लिहून, सही घेऊन ठेव. उतारावरच्या इमारतीत एका दाराने आत आलं की तळमजला आणि मागच्या दाराने आलं की पहिला मजला, असं असतं. तिथे वाद घालत बसू नकोस, ठरव आणि पुढे जा.

वापर हा वेगळा रकाना. अमेरिकेत उच्च शिक्षणसंस्थांच्या जागांची नोंद कशी करावी याची सरकारी पुस्तिका १९७३ साली निघाली, २००६ मध्ये ती सुधारली. तिच्यात वर्गखोलीला ११०, विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेला २१०, कार्यालयाला ३१० असे वापराचे संकेतांक आहेत. उद्या प्रयोगशाळेचं कार्यालय झालं तर २१० जाऊन ३१० येतो, खोलीचा नंबर जागच्या जागी. दरवर्षी एआयएसएचईची, म्हणजे उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीची, माहिती भरताना, नॅकचा अहवाल लिहिताना, प्रत्येक विभागाला पत्र पाठवून वर्गखोल्या किती म्हणून विचारावं लागतं आणि दर वर्षी वेगळा आकडा येतो. हा रकाना भरलेला असेल तर ते उत्तर तुझ्या टेबलावरच असतं. कुलसचिवांना हे दाखव. फिरणाऱ्या त्रिमितीय चित्रापेक्षा हे त्यांना जास्त भावेल, माझा अनुभव आहे.

आता मोजणी. जुन्या प्लॅनवर विश्वास ठेवू नकोस, बांधताना ते बदललेले असतात. लेझर मीटर घे आणि खोलीच्या चार भिंतींबरोबर दोन्ही कर्ण मोज. कर्ण न घेता काढलेली खोली कॅडमध्ये आपोआप काटकोनी होते आणि शेजारच्या खोलीची भिंत पातळ होत जाते. एका ओळीतल्या खोल्यांची आतली मापं आणि मधल्या भिंतींची जाडी यांची बेरीज बाहेरून घेतलेल्या मापाशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर कुठेतरी बुजवलेला डक्ट किंवा बंद केलेला जिना सापडतो, हे लक्षात ठेव. चटई क्षेत्र आणि जोता क्षेत्र कसं मोजायचं ते आयएस ३८६१ या भारतीय मानकात आहे, ते वाच आणि तेच वापर. दगडी इमारतीत भिंतीच्या जाडीत खिडकीजवळ कट्टा असतो, तो धरायचा की नाही यावर तुझे दोन सहकारी दोन आकडे देतील.

बाहेरच्या नकाशासाठी उपग्रहाच्या चित्रावरून इमारतीची कड गिरवू नकोस. तुला दिसतो तो स्लॅब आणि छज्जा, जोतं त्याच्या आत असतं, आणि उंच इमारत चित्रात एका बाजूला कललेली दिसते. टोटल स्टेशन या कोन-अंतर मोजणाऱ्या यंत्राने किंवा डीजीपीएस या जास्त अचूक जीपीएसने इमारतीचे निदान दोन कोपरे पक्के कर आणि कॅडचा प्लॅन त्यावर बसव. नकाशा मीटरमध्ये मांडायच्या यूटीएम पद्धतीत तुमच्याकडे ४३ वा झोन लागतो. नागपूरचं कुणी मदतीला आलं तर सांभाळ, ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला ४४ वा लागतो. क्यूजीआयएस या जीआयएसच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षांश-रेखांशातल्या लेयरवर थेट क्षेत्रफळ काढायला गेलीस तर चौरस अंशांत उत्तर येऊ शकतं, घाबरू नकोस, प्रोजेक्शन बदल.

आणि ड्रोनचं काय घेऊन बसलीस? २०२१ च्या नियमांनंतर हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही, हे खरं. गच्चीवर सोलर बसवायचं असेल, झाडांची गणना करायची असेल तर जरूर उडव. पण पेव्हर ब्लॉकखालचा व्हॉल्व्ह ड्रोनला दिसत नाही.

तो व्हॉल्व्ह मला अजून सलतो. प्रयोगशाळांच्या मागची मोठी लाइन फुटली, पाणी तळघरातल्या स्टोअरमध्ये शिरायला लागलं. जुन्या ट्रेसिंगवर व्हॉल्व्हचं माप होतं, सायकल स्टँडच्या कोपऱ्यापासून. सायकल स्टँड केव्हाच पाडलेला. वर पेव्हर ब्लॉक बसवलेले, चेंबरचं झाकण त्यांच्या खाली. आमचा जुना प्लंबर निवृत्त होऊन गावी राहायला गेला होता. त्याला फोन लावला, तो म्हणाला, पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याकडे पाठ करून कँटीनच्या दिशेने चालत जा. फोनवर त्याने सांगितलं तिथे खणलं, सापडला. त्या माणसाच्या डोक्यात सगळ्या लाइनी होत्या. तो नोकरीत असताना मी लेखी मागणी केली होती, याला महिनाभर माझ्याबरोबर मोकळा सोडा, आम्ही दोघं सगळे व्हॉल्व्ह फिरून नंबर टाकतो. सॉफ्टवेअरला मंजुरी मिळाली, प्लंबरला सोडायला नाही मिळाली. तो गेला आणि अर्ध्याहून जास्त लाइनी त्याच्याबरोबर गेल्या. लोखंडी पाइप लोकेटरने शोधता येतो, पीव्हीसीचा त्याला पत्ता लागत नाही, त्याच्याबरोबर तार टाकलेली नसेल तर. आमच्याकडे तार कुणी टाकणार होतं? तुमच्याकडचा प्लंबर अजून नोकरीत आहे असं तू लिहिलंस. मग तू मला पत्र काय लिहीत बसलीस, त्याला गाठ. व्हॉल्व्हला नंबर दे, पत्र्याचा बिल्ला ठोक, डीजीपीएसचा बिंदू घे. आणि तो नंबरही बदलायचा नाही.

तुझे साहेब म्हणतील, कराराच्या मुलीने नंबराचं धोरण ठरवायचं म्हणजे काय. त्यांचं बरोबर आहे, धोरण तू ठरवू नकोस. एक पानाची टिपणी कर: नंबर कोण देणार, खोली फोडली-जोडली तर कुणाला कळवायचं, पाटी कुणाच्या सहीशिवाय लागणार नाही. त्यावर कुलसचिवांची सही घे आणि परिपत्रक काढायला लाव. ठेकेदाराच्या शेवटच्या बिलाला जसं बांधलं तसं ड्रॉइंग जोडल्याशिवाय बिल पास होणार नाही, हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. यावर तुझ्याशी कुणी कडक बोललं तर माझं नाव सांग, माझ्याबद्दल त्यांचं मत आधीच ठरलेलं आहे, त्यात काही बिघडत नाही.

मुख्य इमारतीच्या तळमजल्यापासून सुरुवात कर. रकाने एवढेच: इमारत, मजला, नंबर, दारावरची सध्याची पाटी, आधीचे नंबर, वापराचा संकेतांक, क्षेत्रफळ, मोजल्याची तारीख, मोजणाऱ्याचं नाव. ‘इतर’ नावाचा रकाना ठेवू नकोस, सगळे त्यातच भरतात. तळमजला झाला की यादी मला पाठव, ड्रॉइंग डीएक्सएफ या फाइल प्रकारात पाठव म्हणजे माझ्या जुन्या मशीनवर उघडेल. बेरजा मी तपासून देतो.

तुझा,
सर