एनएचएसचे पैसे विमानात बसण्याआधीच जातात

तुम्ही ३ वर्षांच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर पुण्याहून लीड्सला येताय, सोबत बायको आणि ४ वर्षांची मुलगी. एचआर म्हणते की इथे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, उपचार फुकट आहेत. मग दवाखान्यासाठी वेगळे पैसे धरायचे का, असं तुम्ही विचारलंय.

धरायचे, आणि तेही निघण्याआधी. व्हिसाच्या अर्जासोबतच इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे एनएचएस वापरण्याचं शुल्क, भरावा लागतो. मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, १८ वर्षांखालच्या मुलांना ७७६, आणि सगळ्या वर्षांचे एकदम. तुम्हा दोघांचे ६,२१० आणि मुलीचे २,३२८ मिळून ८,५३८ पौंड होतात. पौंड शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणजे साडेआठ लाखांहून जास्त. मी २०१६ला आलो तेव्हा माणशी २०० पौंड होते. पुढे ते ४०० झाले, मग ६२४, आणि फेब्रुवारी २०२४ पासून आजचा दर. तेव्हा ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारा की सरचार्ज कंपनी भरणार का, आणि भरणार असेल तर फक्त तुमचा की तिघांचा. उत्तर ईमेलवर घ्या.

एनएचएस मुख्यतः करांच्या पैशावर चालतं, त्यामुळे पगारातून इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी) कापले जातात ते वेगळेच. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देतोय, हे मला आजही खटकतं.

तरीही धाकटी झाली तो दिवस मी विसरलेलो नाही. ऐन वेळी सिझेरियन करावं लागलं, चार दिवस मुक्काम झाला. डिस्चार्जच्या वेळी हातात औषधांची पिशवी आणि मिडवाइफचा नंबर दिला, आणि मी मात्र बिलाची खिडकी शोधत उभा. नाशिकला बहिणीच्या वेळी आधी डिपॉझिट, मग ऑपरेशन, असा अनुभव होता. जीव टांगणीला लागलेला असताना पैशाचा विचार मनात येत नाही, याची किंमत मला कुठल्याच तक्त्यात मांडता येत नाही.

खिशातून जातं ते औषधांना आणि दातांना. इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात. मुलांना, गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर वर्षभर माफ. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये सगळ्यांनाच फुकट, पण लीड्स इंग्लंडमध्ये येतं. एनएचएसचा दातांचा डॉक्टर मिळणं कठीण, म्हणून दातांची कामं पुण्यातच उरकून या.

दुसरी किंमत वेळेची. हृदयविकार, कर्करोगाची शंका, अपघात यांना प्राधान्य मिळतं. गुडघा, खांदा, हर्निया यांना थांबावं लागतं. १८ आठवड्यांत उपचार सुरू करण्याचं उद्दिष्ट कित्येक वर्षं पुरं झालेलं नाही. माझ्या खांद्याला तज्ज्ञाने हात लावायला सात महिने गेले. इथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, दुखेपर्यंत थांबू नका.

भारतातला मेडिक्लेम बंद करू नका. परत गेल्यावर नवा घेतलात, तर जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो.

आता आई-बाबा भेटायला आले तर त्यांच्या उपचारांचं काय, जे तुम्ही शेवटच्या ओळीत सहज विचारलंत. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्यांना सरचार्ज नाही, म्हणून हक्कही नाही. ए अँड ईमध्ये (तातडीच्या विभागात) तपासणं मोफत, पण वॉर्डात दाखल केलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल. माझे बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. आम्ही स्वस्तातला प्रवास विमा काढला होता. त्यांचं जुनं ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याचं) दुखणं फॉर्मवर लिहिलं नव्हतं, कंपनीने दावा नाकारला. बिल आम्ही हप्त्यांनी फेडलं. ५०० पौंडांहून जास्त बिल दोन महिन्यांवर थकलं तर त्यांचा पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो, ही भीती वेगळी.

त्यांचा विमा काढताना बीपी, शुगर, जुनी ऑपरेशनं, सगळं लिहा. हप्ता दुप्पट झाला तरी लिहा.