युरोपातल्या दुसऱ्या महायुद्धाच्या रणभूमी ग्रुपने मोटारसायकलवरून बघायच्या असतील तर कोणता मार्ग निवडावा?

तुम्ही लिहिलंय की सहा मित्र आहात, हातात दहा दिवस आहेत आणि नॉर्मंडी ते बर्लिन असा बेत आहे, जमेल का? जमेल हो. पण परत आल्यावर आठवतील ते हायवेवरचे पेट्रोलपंप. रोज चारशे किलोमीटर हाणायचे आणि संध्याकाळी बंद व्हायच्या बेतात असलेल्या म्युझियममध्ये हेल्मेट हातात धरून धावायचं, यात गाडीचीही मजा नाही आणि इतिहासाचीही.

माझं ऐकाल तर इटली धरा. आम्ही दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेलो होतो. आठ जण, सात गाड्या. रोममध्ये गाड्या भाड्याने घेतल्या आणि आठ दिवसांत सव्वाबाराशे किलोमीटरच्या आसपास फिरून तिथेच परत केल्या. इटली निवडायचं कारण सरळ होतं: नॉर्मंडीत आपण पाहुणे, इटलीत आपली माणसं लढली आहेत. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन तिथे होत्या, पन्नास हजारांवर सैनिक. या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, दिले गेले, त्यातले सहा भारतीयांना. त्या सहांपैकी दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे.

पहिला मुक्काम कासिनो. रोमपासून दोन तासांचा रस्ता. गावात शिरताच मान आपोआप वर जाते, कारण डोंगराच्या माथ्यावरचा मठ कुठूनही दिसतो. आपण डोंगरावरच्या जर्मनांना दिसतोय ही जाणीव खालून चढणाऱ्या शिपायाला काय करत असेल, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. 15 फेब्रुवारी 1944 ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी मठ जमीनदोस्त केला. पण ढिगाऱ्यात जर्मनांना लपायला उलट जास्त चांगली जागा झाली. आपली चौथी डिव्हिजन याच डोंगरावर लढली. शेवटी 18 मे रोजी पोलिश सैनिकांनी वर झेंडा लावला. मठाचा रस्ता सगळा वळणांचा आहे, गाडीवाल्यांना आवडेल. पण वर टुरिस्ट बस येतात, वळणावर कड सोडू नका.

खाली कॉमनवेल्थ वॉर सिमेट्री आहे, चार हजारांवर थडगी. मध्यभागी हिरव्या संगमरवराचे उंच फलक उभे आहेत, ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांच्या नावांचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या त्या दोन व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांपैकी एक, नाईक यशवंत घाडगे, यांचं नाव तिथे आहे. आम्हाला ते शोधायला अर्धा तास लागला, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये आपली आडनावं अनोळखी दिसतात. आमच्यातला एक जण बोट फिरवत एकेक नाव मोठ्याने वाचत होता आणि मध्येच म्हणाला, 'अरे, हा तर आपल्याकडचाच असणार.' नोंदवहीत बऱ्याच भारतीयांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. घरून यादी करून न्या. आम्ही नेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून एड्रियाटिकच्या बाजूला उतरलो. ओर्तोनाला डिसेंबर 1943 मध्ये कॅनडाचे सैनिक गल्लीत न उतरता घराच्या भिंतींना भोकं पाडत शेजारच्या घरात शिरत पुढे सरकले होते. गावात या लढाईचं छोटं म्युझियम आहे, तासाभरात होतं. तिथून जवळच सांग्रो नदीची सिमेट्री आहे. दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. त्या दिवशी एवढंच केलं आणि समुद्रावर जाऊन बसलो. दिवसाला दोन ठिकाणं पुरे, असं माझं ठाम मत आहे. तिसऱ्या म्युझियमपर्यंत सगळ्या बंदुका सारख्याच दिसू लागतात.

मग लांबचा पल्ला मारून अंब्रियातलं मोंतोने. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, टेकडीवर बसलेलं गाव. या खोऱ्यातच 10 जुलै 1944 रोजी घाडगे पडले. त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले. आधी ग्रेनेड, मग टॉमीगन, आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हटल्यावर गनच्या दांड्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. वय बावीस, गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव. मुंबई-गोवा हायवेने जाताना माणगावात त्यांचा पुतळा आहे. मी लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून तो बघत आलोय आणि हे कोण, असं एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. मोंतोनेत 2023 साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक झालं. आम्ही पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे घड्याळात वाजले किती ते काही कळलं नाही.

आता ग्रुपबद्दल, कारण सगळी भांडणं तिथेच होतात. आमचा नियम एकच होता: वळण घेण्याआधी मागची गाडी आरशात दिसली पाहिजे, नसेल तर थांबायचं. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याची काळजी घ्यायची. ज्याचा हात सगळ्यात कच्चा त्याला लीडच्या लगेच मागे ठेवायचं, शेवटी अजिबात नाही. हा नियम आम्ही एकदाच मोडला, पेरुजाजवळच्या एका गोल चौकात. तिघे भलत्याच फाट्याला लागले आणि दोन तास वाया गेले. शिवाय तिथे उजव्या बाजूने चालवायचं असतं. सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना सवयीने डावीकडे जायला होतं, गर्दीत होत नाही.

कागदपत्रांत आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट घ्या आणि त्यावर मोटारसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना ते खिडकीवरच बघून घ्या. आमच्या एकाच्या परमिटवर फक्त कारचा शिक्का होता. तो शेवटपर्यंत मित्राच्या मागे बसून फिरला. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये बऱ्याचदा मोठ्या सीसीच्या गाड्या वगळलेल्या असतात, ते बारीक अक्षर वाचा. जुन्या गावांच्या वेशीवर झेडटीएलची (बाहेरच्या गाड्यांना मर्यादित प्रवेश) पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा असतो आणि दंड चार महिन्यांनी घरी येतो. आम्हाला दोन आले.

आता मोंतोनेनंतरचा टप्पा, उत्तरेकडची सेनियो. नदी म्हणावं तर आपल्याकडचा ओढा. पण दोन्ही बाजूंना पुराचे बांध इतके उंच की रस्त्यावरून पाणी दिसतच नाही. वर चढून गेलं की मग खाली दिसतं. जर्मनांनी हे बांध आतून-बाहेरून पोखरून त्यात मोर्चे केले होते. 9 एप्रिल 1945 ला दुसरे व्हिक्टोरिया क्रॉसवाले मराठा, शिपाई नामदेव जाधव, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे, कंपनीचे रनर म्हणजे निरोप पोचवणारे, इथे नदी पार झाले. बरोबरची तुकडी जवळजवळ संपली. दोन जखमींना त्यांनी पाण्यातून, चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून माघारी आणलं, मग तीन मशीनगन एकट्याने बंद केल्या, आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत उरलेल्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं. ते जगले, 1984 पर्यंत. त्याच दिवशी याच नदीवर केलेल्या पराक्रमासाठी फ्रंटियर फोर्सच्या अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अल्फोन्सिनेला या लढाईचं म्युझियम आहे, ते आधी बघा आणि मग बांधावर जा. बांधावर चढताना आमच्या बुटांखालचं गवत ओलं होतं. दोघे घसरले, तेही रिकाम्या हातांनी.

परतीला फोर्लीची भारतीय सिमेट्री करून फूटा घाटाने फ्लॉरेन्सकडे उतरा. 903 मीटरवरचा हा घाट इटालियन बाइकवाल्यांचा लाडका आहे. माथ्यावर जर्मन सैनिकांची तीस हजारांवर थडगी आहेत, टेकडीला वळसे घालत वर वर जाणारी. आम्ही रविवारी गेलो ही चूक झाली. खालून सतत गाड्यांचे गिअर बदलल्याचे आवाज येत होते आणि त्यात सकाळपासून आमच्याही सात होत्या. तुम्ही मधला वार धरा. सोमवार मात्र नको, त्या दिवशी बरीच म्युझियम बंद असतात.