नाटक पार पडलं, पण…

फोंडा, श्रावण

प्रिय बाय,

तुझी मेल मिळाली. झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशाच्या डीएनएतून एन्हान्सरचा, म्हणजे जनुक चालू करणारा, तुकडा काढलास, पिल्लं मजेत पोहू लागली, आणि तू विचारतेस, ‘सर, काहीच झालं नाही, विषय बदलू का?’

एवढ्यात नको.

आपल्या जत्रेतलं नाटक आठव. नट म्हणजे जनुक. कुठल्या अंकात, कुठल्या बाजूने यायचं, हे त्याला विंगेतून सांगणारा वेगळाच असतो, तो प्रेक्षकांना दिसत नाही. एन्हान्सरचं तसंच. स्वतः तो प्रथिन बनवत नाही. जनुकापासून कधी डीएनएची दहा लाख अक्षरं दूर बसलेला असतो. डीएनए वळून तो जवळ आला की जनुक चालू होतं. एकाच जनुकाला असे अनेक सांगणारे. एक पुढच्या मेंदूसाठी, दुसरा मज्जारज्जूसाठी. एक गैरहजर राहिला तर शेजारचा वेळ मारून नेतो, आणि नाटक पार पडतं. त्यात माशांत कित्येक जनुकांच्या दोन-दोन प्रती, हेही तुझ्या निकालात धर.

उंदरांची गोष्ट तुला ठाऊक हवी. माणूस, उंदीर आणि त्याचा मोठा भाऊबंद रॅट यांच्या डीएनएत दोनशे किंवा जास्त अक्षरं हुबेहूब जुळणारे 481 तुकडे 2004 साली प्रसिद्ध झाले. इतके जपलेले म्हणजे काढले तर प्राणी मरणारच, असं वाटावं. 2007 साली त्यातले चार तुकडे, प्रत्येक वेगळ्या उंदरांतून, काढले. उंदीर जगले, त्यांना पिल्लंही झाली. मग 2018 साली मेंदूत महत्त्वाच्या असलेल्या एआरएक्स जनुकाजवळचे असेच जपलेले एन्हान्सर काढून मेंदूच नीट तपासला गेला. उंदीर याही वेळी जगले, पण कुठे हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतला आठवणींचा भाग) डेंटेट जायरस या पट्ट्याची घडण बिघडलेली, तर कुठे पुढच्या मेंदूत अॅसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी. पिंजऱ्याबाहेरून हे कसं दिसणार?

मी स्वतः तरुणपणी ‘परिणाम नाही’ असं लिहून वही मिटली होती. त्याच काचपट्ट्या पुढे दुसऱ्या मुलाने मोठ्या भिंगाखाली पाहिल्या. त्या दिवशी चहा गोड लागला नाही, एवढंच सांगतो.

तेव्हा आधी एक कर. तोच तुकडा रिपोर्टर जनुकापुढे, म्हणजे चालू झालं की चमकणाऱ्या जनुकापुढे, जोडून तो कुठे, कितव्या तासाला उजळतो ते पाहा. उजळला म्हणजे तो हे काम करू शकतो, एवढंच कळतं. त्याच्यावाचून अडतं का, ते काढून टाकल्यावरच. मग तेवढ्याच जागी, त्याच तासाला, तुकडा काढलेल्या माशांत पेशी मोज. शेजारचा एन्हान्सरही सोबत काढता आला तर उत्तम, पण ते नंतर. आणि मोजताना कुठल्या माशातला तुकडा काढलेला हे स्वतःला कळू देऊ नकोस, लेबलं मैत्रिणीकडे दे.

चतुर्थीला येशील तेव्हा फोटो आण. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली की निवांत बघू.

तुझा,
सर