बी-स्कूलचे निबंध: सौद्यातला बेदाणा लपवू नकोस

तुझा मेसेज आणि सोबतचे तीन निबंध काल रात्री वाचले, आज सकाळी चहा घेताना परत वाचले. तू तीन गोष्टी विचारल्यास: निबंध अजून भारदस्त कसे करायचे, पुण्यातली प्रवेशाचा सल्ला देणारी एजन्सी दीड लाख मागते ती लावायची का, आणि सेकंड इयरची एटीकेटी, म्हणजे तेव्हा राहिलेला विषय, लपवायची का. एमबीएच्या जानेवारीच्या प्रवेशफेरीला अमेरिकेतल्या दोन आणि युरोपातली एक अशा बिझनेस शाळा (बी-स्कूल) तू धरल्या आहेस. दिवाळी तोंडावर आली, म्हणजे हातात अडीच महिने आहेत. तेवढे पुरतील. पण हे तीन निबंध बाजूला ठेवून नव्याने बसावं लागेल, हे आधीच सांगते.

तुझ्या पहिल्या निबंधाची सुरुवात आहे, "लहानपणापासून मला लीडर व्हायचं होतं." पुढे टीम, क्लायंट, डेडलाईन, शाबासकीचा ईमेल. हिंजवडीत तुझ्या मजल्यावर बसणाऱ्या कुणाचंही नाव वर टाकलं तरी तो निबंध चालेल. आणि मेसेजच्या अगदी शेवटी, सहज लिहून गेल्यासारखं, तू लिहिलंस: "घरचा बेदाण्याचा व्याप आहे. मागचे दोन सीझन सुट्टी काढून तासगावच्या सौद्याला, म्हणजे लिलावाला बसलो, प्रत्येक बॉक्सचं वजन मोबाईलवर लिहून ठेवलं आणि वजनाच्या तुटीत किती जातं ते पप्पांना दाखवलं. पण ते काही लिहिण्यासारखं नाही."

अरे, लिहिण्यासारखं तेवढंच आहे.

या शाळा काय विचारतात ते नीट बघ. स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं तोच प्रश्न विचारते: तुमच्या लेखी सर्वांत महत्त्वाचं काय, आणि का? हार्वर्डने २०२४ मध्ये जुना एक मोकळा प्रश्न काढून तीन छोटे निबंध आणले, ३००, २५० आणि २५० शब्दांचे: तुमचे अनुभव तुमच्या व्यवसायातल्या निवडींना कसे कारण झाले, तुम्ही माणसांना कसं घडवता, तुमची जिज्ञासा तुम्हाला कुठे घेऊन गेली. मी फ्रान्समधल्या इन्सिआड या बी-स्कूलला अर्ज केला तेव्हा तिथे स्वतःचं प्रांजळ वर्णन मागत होते, बलस्थानं आणि कमतरता दोन्हींसह. शिवाय सर्वांत अभिमानाचं काम कोणतं आणि कुठे अपयश आलं, हेही एकाच निबंधात सांगायचं होतं. शब्द वेगवेगळे असले तरी सगळ्यांना हेच पाहायचं असतं की कोणी सांगितलं नसताना हा माणूस कशात हात घालतो, आणि हात पोळल्यावर काय करतो. तुझे मार्क, जीमॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण, पगार हे सगळं अर्जात दुसरीकडे भरलेलं असतंच. तेच निबंधात परत आणलंस तर जागा वाया गेली.

माझं कसं झालं ते सांगते, म्हणजे मी हे एवढ्या ठामपणे का म्हणते ते कळेल.

२०१८ मध्ये मी पहिल्यांदा अर्ज केले, एजन्सी लावून. त्यांनी मला एक फॉर्म दिला, मी भरला, आणि दहा दिवसांत चार शाळांचे निबंध तयार होऊन आले. इंग्रजी इतकं गुळगुळीत की मलाच वाचताना कुणा दुसऱ्या बाईची ओळख होतेय असं वाटायचं. चारही ठिकाणी नकार आला, मुलाखतीलासुद्धा कुणी बोलावलं नाही. पैसे गेले त्याचं दुःख होतंच, पण जास्त लागलं ते हे की मला नाकारलं की त्या बाईला, हेच मला कळेना.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. तुला आठवत असेल. सांगलीत आयर्विन पुलाला पाणी किती फूट, एवढाच प्रश्न सगळीकडे. पंचेचाळीसला धोक्याची पातळी, आणि त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. वडिलांचं गणपती पेठेत किराणा-भुसारचं दुकान. पाणी ओसरल्यावर मी पुण्याहून आले तेव्हा गाळ्यात घोटाभर चिखल, कुजलेल्या डाळीचा वास, आणि वडील ओट्यावर बसून खातेवहीची भिजलेली पानं एकेक सोडवून दोरीवर वाळत घालत होते. शाई पसरून सगळे आकडे निळे ढग झाले होते. विम्याचा सर्व्हेअर विचारत होता, पूर आला त्या दिवशी माल किती होता? सांगणार कुठून?

रात्री मला सुचलं की वह्या भिजल्या, पण जीएसटीची विवरणपत्रं पोर्टलवर कोरडीच आहेत. ३१ मार्चचा शिल्लक माल सीएच्या ताळेबंदात मिळतो. त्यात पुढच्या चार महिन्यांची खरेदी मिळवायची, विक्रीतून नफा बाजूला काढून उरलेली रक्कम वजा करायची, की पुराच्या दिवशीचा माल निघतो. वडिलांचं काम झालं. मग शेजारच्याचं. मी तीन आठवड्यांची बिनपगारी रजा टाकली आणि पेठेतल्या ३१ दुकानांचे कागद तयार केले, एका लॅपटॉपवर, बहुतेक वेळ कुणाच्या तरी पहिल्या मजल्यावरच्या घरात बसून.

एक हिशेब चुकला. वडिलांच्या बालमित्राचं दुकान जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये होतं, छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या पद्धतीत. त्यांच्या विवरणपत्रात बिलवार तपशील नसतो, त्यामुळे माझं गणित तिथे लागू होत नव्हतं. मी शेजारच्या दुकानांवरून अंदाज बांधला आणि तो अंदाज आहे असं कागदावर लिहिलं नाही. सर्व्हेअरने पकडलं. त्यांच्या पूर्ण दाव्यावरच संशय घेतला गेला, महिनोन्‌महिने तो अडकला आणि शेवटी बराच कमी मंजूर झाला. काका मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी आमच्या दुकानावर चहाला यायचे, ते बंद झाले.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी मी हे लिहिलं. तेही लगेच जमलं नाही. पहिल्या खर्ड्यात मी निम्मे शब्द पुरावर घालवले: पाणी, अंधार, होड्या. ते वाचून माझी एक मैत्रीण म्हणाली, "यात तू कुठे आहेस? हे तर नदीने केलं." तिचं बरोबर होतं. पूर दोन ओळींत आटोपला आणि उरलेली सगळी जागा त्या गणिताला, पेठेतल्या माणसांना आणि काकांच्या चहाला दिली. अपयशाच्या निबंधात, मी अतिपरिश्रमी आहे छापाची कमतरता लिहिली नाही. अंदाज खरा म्हणून दिला आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली, असं सरळ लिहिलं. इन्सिआडला माजी विद्यार्थी मुलाखत घेतात, दोघे वेगवेगळे. दोघांनीही पुराबद्दल जेमतेम विचारलं. दोघांनीही काकांबद्दल विचारलं.

आता तुझ्याकडे वळते. सौद्याला बसलास, वजनं लिहिलीस, तूट दाखवलीस. इथपर्यंत तू मला सांगितलंस. पण पुढचं सगळं गाळलंस. तो आकडा बघून पप्पा काय म्हणाले? गेली वीस वर्षं ज्या अडत्याकडे माल जातो, तो अडीनडीला उचलही देतो. त्याच्यासमोर मुलाने मोबाईल काढून वजनं लिहायची, हे पप्पांना अवघड झालं असणार. झालं का? सौद्यात बेदाणा खाली उधळला जातो तो कुणाच्या खात्यावर जातो, हे तू विचारलंस का, की नुसतं लिहून ठेवलंस? दुसऱ्या सीझनला शेजारच्या बागायतदारांपैकी कुणी तुझं बघून वजनं लिहू लागलं का? कुणी नाही म्हणालं असेल तर का? आणि तुझा आकडा कुठे चुकला? या प्रश्नांच्या उत्तरात तुझे तिन्ही निबंध आहेत.

पद्धत सांगते, मला उपयोगी पडली ती. इंग्रजीत लिहायला बसू नकोस. फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि तासगावच्या घरी जसं बोलतोस तसं सगळं मराठीत सांग, आईला सांगतोय असं समजून. वीस मिनिटं झाली तरी चालतील. मग ते ऐकताना जिथे तुझा आवाज चढतो किंवा अडखळतो, ती जागा कागदावर खूण कर. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये काकांच्या चहापाशी मी थांबले होते, आणि तोपर्यंत मला वाटत होतं की तो किस्सा मी लिहिणारच नाही. त्यानंतर इंग्रजी. साधं, छोट्या वाक्यांचं. तुझं इंग्रजी रोजच्या कामाला पुरतं, तर निबंधालाही पुरेल. व्याकरण तपासायला मित्राला दे, एखादं सॉफ्टवेअर वापर, पण मजकूर त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस. तसा मजकूर वाचणारे दिवसाला ढिगाने वाचतात.

वाचणाऱ्याला बेदाणा कसा समजावायचा, ही तुझी काळजी मला कळते. एक वाक्य खर्च कर. साधारण चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा होतो. म्हणजे पंधरा किलोच्या बॉक्समधून जरासा माल तुटीत गेला तरी शेतकऱ्याची त्याच्या चौपट द्राक्षं गेली. एवढं सांगितलंस की बॉस्टनमध्ये बसलेल्या माणसालाही तुझ्या पप्पांचा राग समजतो. 'तूट' आणि 'सौदे' हे शब्द तसेच ठेवलेस तरी हरकत नाही, एकदा अर्थ दे आणि पुढे जा. मात्र गरिबीचं चित्र रंगवू नकोस. तुमची बाग आहे, शेड आहे, तू इंजिनिअर आहेस. जे आहे तेच लिही.

पुढे काय करणार, या प्रश्नाला तू 'ग्लोबल कन्सल्टिंग' लिहिलंस. ते का, हे एका ओळीनेही सांगितलेलं नाही. तुला खरंच तिकडे जायचं असेल तर जरूर लिही, पण तुझ्या डोक्यात दुसरं काही आहे असं मला वाटतं. बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवून त्यावर उचल घेणारे, भाव येईपर्यंत थांबता न आल्याने विकून टाकणारे, पणन मंडळाची शेतमाल तारण योजना माहीत असूनही तिकडे न फिरकणारे, हे सगळे तू जवळून बघितलेस. ते का फिरकत नाहीत, हा बी-स्कूलला नेण्यासारखा प्रश्न आहे. फक्त 'शिकून लगेच गावी परत येईन' असं वाचणाऱ्याला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. तुझ्यावर कर्ज असणार आहे आणि पहिली काही वर्षं ते फेडण्यात जातील. मी २०२१ मध्ये शिकायला गेले, आज लंडनमध्ये विम्याच्याच क्षेत्रात आहे, अजून परतलेले नाही. मी निबंधात 'दहा वर्षांत' असं लिहिलं होतं आणि ते मला अजूनही बांधून आहे.

'आमचीच शाळा का' हे उत्तर माहितीपत्रक वाचून लिहू नकोस. तिथे शिकलेल्या दोन-तीन मराठी माणसांशी बोल, मी गाठ घालून देते. हार्वर्डला केस पद्धतीने, एकेका प्रसंगावर चर्चा घडवून शिकवतात, म्हणजे वर्गात बोलावं लागतं. तू बैठकीत गप्प बसतोस असं स्वतःच म्हणालास. मग तिथे का जायचं, याचं उत्तर आधी स्वतःला दे. युरोपातला दहा महिन्यांचा अभ्यासक्रम स्वस्त पडतो, पण मधल्या सुट्टीतली इंटर्नशिप सहसा मिळत नाही. तुझ्यासारख्या क्षेत्र बदलणाऱ्याला ते जड जाऊ शकतं.

एटीकेटी लपवायची नाही, गुणपत्रिकेवर ती दिसतेच. त्यासाठी वेगळी ऐच्छिक जागा असते. तिथे तीन ओळी: काय झालं, विषय कधी सुटला, त्यानंतरचे गुण. मास्तर वाईट होते वगैरे काही नको.

शिफारसपत्राबद्दल तू विचारलं नाहीस, पण मॅनेजर म्हणेल, "तूच लिहून आण, मी सही करतो." आपल्याकडे सर्रास म्हणतात. नको म्हण. दोन्ही पत्रांचं आणि तुझ्या निबंधांचं इंग्रजी एकाच हाताचं निघालं की संशय येतो, आणि मुळात ते खोटं आहे. त्याऐवजी त्याला एका पानावर तुम्ही दोघांनी मिळून केलेली चार कामं तारखांसह लिहून दे, एक फसलेलंही. दिवाळीच्या आधी दे. डिसेंबरमध्ये सगळे मॅनेजर सुट्टीवर असतात.

एजन्सी नको. दीड लाखात तू घरच्यांना काय काय करू शकतोस याचा हिशेब तुला माझ्यापेक्षा चांगला येतो. आणि प्रवेश मिळाल्यावर अनेक शाळा नोकरी, पगार, गुण यांची बाहेरून तपासणी करून घेतात. दुसऱ्याने फुगवलेला शब्द तेव्हा तुलाच निस्तरावा लागतो.

सौद्याचं काही लिहिण्याआधी पप्पांना विचार. त्यांची आणि अडत्याची गोष्ट आहे ती, नुसती तुझी नाही. मी काकांना पत्र लिहून विचारलं होतं. माझं पत्र वाचून झाल्यावर ते म्हणाले, "लिही, पण दुकानाचं नाव नको."

शनिवारपर्यंत ते मराठी रेकॉर्डिंग पाठव, निबंध नको. रविवारी तुझ्याकडे संध्याकाळचे सात वाजतील तेव्हा फोन करते. सोबत ती वजनांची यादीही उघडून ठेव.